दसऱ्याला विश्रांती दिलेलं यंत्र

दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून बंद करायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि दसरा उलटेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, तसंच ते. भंडाऱ्याबाहेरच्या ज्या कारखान्यात माझी बरीच वर्षं गेली, तिथेही हे दरवर्षी व्हायचं. एका वर्षी त्या पूजेत मी एक चूक केली आणि तिची शिक्षा अड्याळच्या एका बाईला झाली. आता सांगायला निघालो आहे, तर कोणी ऐकून घ्यायला तयार नाही. म्हणून लिहितो.

आम्ही शस्त्रक्रियेत टाके घालायचे दोरे तयार करत होतो. दोरा बाहेरून रिळांवर यायचा. आम्ही तो मापाने कापायचो, टोकाला वाकडी सुई बसवायचो, घडी घालून चकचकीत पाकिटात बंद करायचो आणि मग पेट्या निर्जंतुक करायला जायच्या. पुढे जंतुरोधक दोऱ्याचं काम आलं. त्याच्यावर जंतूंना वाढू न देणाऱ्या औषधाचा पातळ थर असतो आणि शरीरात तो दोरा हळूहळू आपोआप विरघळतो. आता जो दोरा शरीरातल्या ओलीने विरघळतो, तो हवेतल्या ओलीनेही बिघडणारच. औषध जंतूंना अडवतं, ओलीला अडवत नाही. त्यासाठी वेगळी बंद खोली बांधली आणि हवा कोरडी ठेवणारं एक मोठं यंत्र कोपऱ्यात बसवलं. बसवायला आलेल्या माणसाने मला बजावलं होतं, कारण खोली माझ्या ताब्यात होती. दोरा उघड्यावर असेल तोवर हे यंत्र रात्रंदिवस चालू राहिलं पाहिजे. मी मान हलवली होती.

सुई बसवायचं काम बायकांकडे होतं. सुईच्या मागच्या टोकाला बारीक भोक असतं. दोऱ्याचं टोक त्यात सरकवायचं आणि दाबून पक्कं करायचं. टोक पिंजलं असेल तर ते आत जात नाही. अड्याळहून येणारी एक बाई यात फार हुशार होती. तिचं माहेर कोसा रेशीम विणणाऱ्यांचं. तुटलेला धागा जोडायचा तर टोक ओठांत ओलं करून पीळ द्यायचा, हे तिच्या बोटांना लहानपणापासून माहीत. कारखान्यात टोक कडक करायचं औषध होतं, चिमटे होते, तोंडाला मास्क होता. ती सगळं पाळायची. पण कामाची घाई झाली की मास्क हनुवटीवर यायचा आणि टोक ओठांना लागायचं. मी पाहिलं की ओरडायचो.

"बाई, तोंड!"

"ध्यानात नाही राहत भाऊ. हात आपसूक जाते."

बाकीच्या बायका मग सुरू व्हायच्या. "चाटू द्या ना साहेब, डबा आणला नसन तिनं आज."

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर पाऊस परतून आला होता. धानाच्या बांध्यांत पाणी उभं होतं, कपडे दोन-दोन दिवस वाळत नव्हते. जंतुरोधक दोऱ्याचा मोठा लॉट सुया लावून ट्रेमध्ये तयार होता, फक्त पाकिटं बंद करायची राहिली होती. पण पाकिटं बंद करायचं यंत्र दुपारीच धुऊन सजवलं होतं. हार चढलेलं यंत्र चालवायला कोणी पुढे येईना. मीही आलो नाही. ट्रेवर स्वच्छ कापड टाकून ते तसेच ठेवले. मग राहिलं ते कोपऱ्यातलं घरघरणारं यंत्र. त्याला मीच कुंकू लावलं, हार घातला. त्याच्या हवेने हार सारखा उडत होता. सगळ्यांना विश्रांती आणि यालाच नाही, असं माझ्या मनात आलं. मी बटण दाबलं. घरघर थांबली तेव्हा मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

दसऱ्यानंतर सकाळी खोली उघडली तर ओल मोजणारा काटा भलत्याच ठिकाणी गेलेला. मी घाईघाईने यंत्र लावलं. दुपारपर्यंत काटा जागेवर आला आणि मी जेवायला गेलो. खोलीतली हवा कोरडी झाली होती. दोऱ्याने घेतलेली ओल मात्र दोऱ्यातच राहिली, आणि ती आम्ही पाकिटात बंद केली. मला शंका आली नव्हती असं मी म्हणणार नाही. शंका आली होती. मालकांना सांगितलं असतं तर लॉट फेकावा लागला असता आणि मला चार शब्द ऐकावे लागले असते. एवढ्यासाठी मी गप्प राहिलो.

काही महिन्यांनी तक्रार आली. गाठ मारताना दोरा तुटतो. माल परत मागवला. सगळा परत आला का, कुणाच्या पोटात त्यातला किती राहिला, त्यांचं पुढे काय झालं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आता विचारायचं तर कुणाला?

माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासायला आली. काचेतून खोली बघत उभी होती, नेमका त्याच वेळी त्या बाईने मास्क खाली ओढून टोक ओठांना लावलं. झालं. जंतुरोधक दोऱ्याला थुंकी! त्या माणसांनी तोंडं वाकडी केली आणि तपासणी तिथेच संपल्यासारखी झाली. ओठ लागतो तो टोकाला, आणि ते टोक सुईत दाबलेलं असतं. तुटत होता तो दोरा मधे, गाठीपाशी. शिवाय तिने दिवसात हाताळलेल्या दोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दोरे तुटले होते. हे कुणाच्याही ध्यानात यायला हवं होतं. पण एकदा किळस आली की माणूस पुढे विचार करत नाही.

मालकांनी तिला बाहेर बोलावलं. मला विचारलं, "तुम्ही हिला सांगितलं नव्हतं का?"

"किती वेळा सांगितलं," मी म्हणालो.

ते खरं होतं. तेवढं एकच खरं मी त्या दिवशी बोललो.

"चुकलं भाऊ," ती मालकांना नव्हे, मला म्हणाली. डब्याची पिशवी घेऊन ती निघून गेली. पुढे कारखानाही बंद पडला, त्याची कारणं वेगळी होती.

यंदा उन्हाळ्यात अड्याळच्या बाजारात ती मला भेटली. मी कारध्याला राहतो, तिथून एका नातेवाइकाकडे आलो होतो. ती वांगी निवडत होती. केस पांढरे झालेले, पण मला तिने आधी ओळखलं. तब्येतीची विचारपूस झाली. सून बारावी झालेली आहे, घरीच असते, म्हणाली. भंडाऱ्याजवळ नवी कंपनी आली आहे, दवाखान्याच्या नळ्या आणि पट्ट्या पाकिटात भरायला बायका घेताहेत, असं मी ऐकलं होतं. मी म्हटलं, "सुनेला पाठवा की."

"तिले जायचं आहे भाऊ. मीच नाही म्हणतो."

"काहून?"

"आमच्या घरचे हात त्या कामाचे नाहीत. माह्या तोंडानं एकदा इतका माल खराब झाला. कोणाच्या टाक्यात काय झालं असन, देवाले माहीत. सुनेकडून असं काही झालं तर?"

ती हे सहज बोलली, वांगी चाचपत. पाठीचं दुखणं सांगावं तसं. नातेवाइकाकडे जायचं निमित्त सांगून मी तिथून निघालो. इतकी वर्षं मी समजत होतो की तिची नोकरी गेली, एवढंच. ती हे सगळं खरं मानून बसली असेल, असं मला कधी सुचलंच नव्हतं.

आधी मी मालकांकडे गेलो. माझ्यापेक्षा त्यांच्या शब्दावर ती विश्वास ठेवेल, असा माझा हिशेब. ते आता लग्नाचं लॉन चालवतात. मंडपवाल्याशी बोलता बोलता त्यांनी माझं ऐकलं.

"तुमची शुगर तपासली का एवढ्यात?" त्यांनी विचारलं.

"मी काय म्हणतो ते ऐकलं का तुम्ही?"

"ऐकलं ना बाप्पा. मशीन बंद होती. बरं. मंग? त्या बाईनं थुंकी लावली होती का नव्हती?"

"लावली होती, पण त्यानं..."

"मंग झालं तर! दोन कारणं असतीन. आता कायले उकरून राहिले? लग्नसराई आहे, मले पाणी प्यायले टाइम नाही."

मी म्हटलं, फक्त एकदा तिच्या घरी चला. त्यांनी माझ्यासाठी सरबत मागवलं आणि मंडपवाल्याकडे वळले. सरबत मी पिऊन आलो, याचाही मला नंतर राग आला.

मग एकटाच अड्याळला गेलो. ती आणि सून अंगणात खाटेवर पापड वाळत घालत होत्या, शेजारीण मदतीला होती. मला खुर्ची दिली. मी पाणीही न पिता सगळं सांगितलं. पूजा, हार, बटण, काटा, सगळं. वाटेत बसमध्ये मनाशी जुळवून ठेवलं होतं, तेच घडाघडा बोललो. तिने हातातला पापड खाटेवर टाकला आणि शेजारणीकडे पाहिलं.

"पाह्य बाई. मी म्हणत होतो ना, आमचे साहेब मोठ्या मनाचे. माहा दोष स्वतःवर घेऊन राहिले."

"दोष घेत नाही बाई, दोष माझाच आहे!"

"तुम्ही तर मले किती खेपा सांगतलं, भाऊ. मीच ऐकलं नाही."

शेजारीण म्हणाली, "आणि दसऱ्याच्या पूजेनं कोणाचं वाईट होते का? देवावर कायले ढकलता?"

मी म्हटलं, पूजेने नाही, बटण बंद केल्याने. ती म्हणाली, पूजेसाठीच बंद केलं ना. मी समोरचा एक वाळलेला पापड उचलला. म्हटलं, हा पावसाळ्यात रात्रभर उघडा ठेवला तर काय होईल? मऊ पडेल. दोऱ्याचं तसंच झालं.

"पापड तोंडात घातला तरी मऊच पडते," बाई शांतपणे म्हणाली. शेजारीण हसली. माझ्या हातातला पापड मोडला.

मी चिडलो. सांगताना लाज वाटते, पण ज्या बाईची माफी मागायला गेलो होतो तिच्यावरच मी आवाज चढवला. म्हटलं, तुम्ही समजून का घेत नाही, तुमचं ओठ लावणं दोऱ्याच्या टोकाला होतं, तुटला तो मधे, इतक्या वर्षांत हा विचारही तुमच्या मनात आला नाही का? ती नुसती मान हलवत राहिली. साहेब रागावले की बायका मान हलवायच्या, तशीच.

सून इतका वेळ काही बोलली नव्हती. पीठ लागलेले हात पदराला पुसत तिने विचारलं, "काकाजी, ते मशीन बंद होतं, हे तवा आणखी कोणाले माहीत होतं?"

"कोणालाच नाही. मलाच."

"आणि आईले काढलं तवा तुम्ही तेथीच उभे होते?"

"हो."

ती सासूकडे वळली. "आई, हे खरं बोलून राहिले." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग इतके वर्स कोठी होते तुम्ही? कारधा काही नागपूरच्या पल्याड नाही. माह्या लग्नापासून मी ऐकून राहिली, आपले हात खराब, आपले हात खराब."

त्या अंगणात माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती आणि तिने मला खुर्चीवरून उठवलं असतं तरी मी उठलो असतो.

"अवं, मोठ्या माणसासंग असं बोलतेत का?" सासू तिच्यावर ओरडली. "चाय मांड."

"मांडतो. पण मी कंपनीत जातो, आई. येत्या सोमवारी बोलावून राहिले तेथी."

सासूने दोन-तीन पापड उलटे केले. हे एक जरी झालं असतं तरी माझं येणं फुकट गेलं नसतं.

"जा," ती शेवटी म्हणाली. "साहेबाचे पाय घराले लागले, ते इतकं म्हणून राहिले तर जा. पण एक ध्यानात ठेव. काही झालं तरी तोंडाजवळ हात न्यायचा नाही. माह्यासारखं करशीन तर लोकाच्या जिवावर बेतन."

तिचा सल्ला बरोबर होता, पंचाईत हीच. असल्या कामात तोंडाजवळ हात न्यायचाच नसतो. मी वर्षानुवर्षं तेच ओरडून सांगितलं होतं. त्याला नको कसं म्हणू?

"बाई, त्यानं झालं नव्हतं," मी पुन्हा म्हणालो.

"हो भाऊ, हो," तापात बरळणाऱ्या पोराला समजवावं तशी ती म्हणाली. "तुम्ही चाय घ्या आधी."