पांढऱ्या डोळ्यांचा दाखला

आमच्या मोहल्ल्यातल्या पुरुषांना दारूचा एकच रोग ठाऊक होता, कावीळ. त्यामुळे माझा नवरा रोज सकाळी दाढीच्या आरशासमोर खालची पापणी ओढून डोळे तपासायचा आणि मला बोलावून दाखवायचा. "पाय वं, पिवळे हायेत का? नाही ना? मंग काहून कटकट करून राहिली?" मिलमधून सुटला की देशीच्या दुकानात, तिथून घरी. बारा वर्षांत एका दिवसाचा खंड नाही. जिवंतपणी मी त्याला अहो म्हणायचे. आता म्हणत नाही.

आणीबाणी संपली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याचं पोट दुखायला लागलं. बेंबीच्या वर कळ उठायची आणि थेट पाठीत जायची. आडवं पडवत नसे. उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसायचा, ओकायचा, बनियन घामानं भिजायचं. शेवटी दवाखान्यात दहा दिवस काढले. तिथला तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. अन्न पचवणारा रस तिथे तयार होतो. दारूनं ते सुजलंय आणि तो रस आता त्यालाच पचवायला निघालाय. यापुढे एक घोटही नको. असा झटका पुन्हा आला, तर ते वाचतीलच असं नाही." तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते, तरी घरी येईपर्यंत पाठ केला.

घरी त्याचा दोस्त भेटायला आला. मोहल्ल्याच्या मंडळाचा पुढारी आणि पिण्यातला जोडीदार. मी डॉक्टरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, तर हा हसला. "स्वादुपिंड? आमी त कधी आयकलं नाही वहिनी. दारूनं लिव्हर जाते, डोळे पिवळे होतात. याचे त पांढरे फटक हायेत. हे सावजी मटणाचं तिखट होय." दोघांनी मिळून मटण सोडायचं ठरवलं, आणि माझ्या नवऱ्यानं खरंच सोडलं. महिनाभरानं तो पुन्हा मिलमध्ये जायला लागला, तसं देशीचं दुकानही सुरू झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, गावाची इडापिडा घेऊन जाणारी बाईची मोठी पुतळी. तिच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्यांचे बडगे असतात, लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे कागद-बांबूचे पुतळे, मिरवून जाळायचे. त्या वर्षी आमच्या मंडळानं दारुड्याचा बडग्या काढायचं ठरवलं. पुतळ्याचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं. त्याचा हात चांगला होता, हे कबूल करते. आठ दिवस ही मंडळी आमच्या ओसरीत बांबू चिरत, खळ लावत आणि पीत बसली. दारूच्या विरोधात पीत बसली! मी त्याच्या हातातला ग्लास ओढला. "तुमाले मरायचं हाय का?" त्यानं ब्रश उचलला आणि बडग्याचे डोळे पिवळेधमक रंगवले. "दारुडा असा दिसते. मी दिसतो का असा?" सगळे खदखदून हसले. मला त्या सगळ्यांना ओसरीसकट पेटवून द्यावंसं वाटलं.

मिरवणूक दारावरून गेली तेव्हा मीही घसा फाटेस्तोवर ओरडले, "दारू घेऊन जा गे मारबत!" बडग्याला पुढून खांदा माझ्या नवऱ्याचाच होता. तो धड चालतही नव्हता.

दुसऱ्याच दिवशी कळ उठली. चौथ्या दिवशी दवाखान्यातून त्याला चादरीत गुंडाळून आणलं.

तेरवीच्या आधी दोस्त येऊन गेला. रीत म्हणून मी त्याला पाण्याचा लोटा दिला. तो दारातच उभा राहून रडला, मग म्हणाला, "वहिनी, तो दारूनं नाही गेला. डोळे शेवटपर्यंत पांढरेच होते, म्या सोता पायले." मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. दारातल्या उन्हात त्याचे स्वतःचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. दाढीचा आरसा माझ्या मागेच खिळ्याला टांगलेला होता. मी तो काढून त्याच्या हातात दिला नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.