आभार मानायला घोड्यावरून

सिल्वासाच्या टोकरखाड्यात आमच्या समोरच्या इमारतीत सुधाकर सैंदाणे राहतात. मूळचे धुळ्याकडचे. पंचवीस वर्षांपूर्वी सिल्वासात आले आणि राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. माणूस हुशार. आवाज ऐकूनच मशीनचं दुखणं सांगणारा. पण मुलगी स्नेहल नऊ वर्षांची असताना मशीनच्या पट्ट्यात हात सापडला आणि डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. नोकरी राहिली, पण आतून माणूस हलला.

त्या दिवसापासून सैंदाण्यांच्या घरात भीतीच राहायला आली. गॅसचं बटण तीनदा तपासायचं. रस्ता ओलांडताना एकमेकांचा हात धरायचा. एकदा आमच्या सोसायटीची दुधनीला सहल गेली होती. आम्ही सगळे होडीत बसून पाण्यात गेलो आणि हे तिघं काठावर आमच्या चपला राखत बसले. "आम्हाला इथंच बरं वाटतं," असं सुधाकरांच्या पत्नी मनीषावहिनी हसून म्हणाल्या, पण त्यांचं सगळं लक्ष पाण्याकडे होतं.

अशा घरातली मुलगी डॉक्टर व्हायला किर्गिझस्तानला गेली, याचं आम्हाला अजून नवल वाटतं. स्नेहलला इथं प्रवेश मिळाला नाही, आणि तिनं हट्ट सोडला नाही. तिला निरोप देऊन आल्यावर सुधाकर दोन दिवस जेवले नव्हते.

दुसऱ्या वर्षी तिला कावीळ झाली. इथून जाणं शक्य नव्हतं. तेव्हा ती ज्यांच्या घरात भाड्यानं राहायची, त्या अनारकुलबाईंनी तिला सांभाळलं. साठीच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. मनीषावहिनी व्हिडिओ कॉलवर मुगाची खिचडी करून दाखवायच्या आणि तिकडे बिश्केकच्या स्वयंपाकघरात बाई तशीच ढवळायच्या. मधे स्नेहल अंथरुणावरून दोघींचं बोलणं एकमेकींना समजावून द्यायची. तीन आठवडे हे चाललं. तेव्हाच सुधाकरांनी ठरवलं की या बाईंना एकदा समोर उभं राहून धन्यवाद द्यायचे.

ती वेळ मागच्या जूनमध्ये आली. स्नेहलचा पदवीदान समारंभ होता. वापीहून दिल्ली, दिल्लीहून विमान. दोघांचाही तो पहिला परदेश प्रवास. समारंभ छान झाला, फोटो निघाले. सुधाकर प्रत्येक फोटोत डावा हात खिशात घालून उभे आहेत. पण अनारकुल तिथं नव्हत्या. उन्हाळ्यात त्यांच्या भावाची जनावरं डोंगरावरच्या कुरणात जातात आणि बाईही तिकडेच राहायला जातात.

"मग आपण जाऊ तिकडे," सुधाकर म्हणाले.

स्नेहल म्हणाली, "पप्पा, गाडी नदीपर्यंतच जाते. पुढे तासभर घोड्यावरून जावं लागतं."

मनीषावहिनी म्हणाल्या, "मग राहू दे. फोनवर बोलू."

सुधाकर रात्रभर विचार करत राहिले असतील, कारण सकाळी त्यांनी सांगितलं, "फोनवर चार वर्षं बोललोच की. जाऊ."

नदीच्या अलीकडे गाडी थांबली तेव्हा अनारकुल चार घोडे घेऊन वाट बघत होत्या. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, अंगात जाड जाकीट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. स्नेहलला त्यांनी घट्ट मिठी मारली, वहिनींचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला आणि लगेच घोड्यांकडे वळल्या. आधी वर पोचायचं, बोलणं नंतर.

वहिनींनी पिशवी छातीशी धरली होती. तिच्यात बाईंसाठी घरून आणलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, होते.

"तू आधी बस, तुला सवय असेल," सुधाकर लेकीला म्हणाले.

"मी कधीच बसले नाही, पप्पा."

"सहा वर्षांत?"

"दर उन्हाळ्यात त्या मला वर बोलवायच्या. मी अभ्यासाचं कारण सांगायचे." तिनं मान खाली घातली. "भीती वाटते. आपल्या घरात सगळ्यांनाच वाटते ना?"

हे मला सुधाकरांनी नंतर सांगितलं. म्हणाले, "भाऊ, मला वाटायचं, बोटं माझी गेली, तर भीतीही माझीच आहे. पोरीच्या वाट्याला ती कधी गेली, मला कळलंच नाही. एवढं शिकली, माणसं कापायला शिकली, पण घोड्यावर बसायला घाबरते, आणि तेही माझ्यामुळे."

ते पुढे झाले. "मी आधी बसतो," म्हणाले. आणि बसताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, डावा हात लोकांसमोर पुढे केला. "बाईंना विचार, एवढ्या बोटांत लगाम राहील का?"

स्नेहलनं तिकडे सर्रास चालणाऱ्या रशियनमध्ये विचारलं. अनारकुलनी त्यांचा हात हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि हसून काहीतरी बोलल्या.

"त्या म्हणतात, लगाम एकाच हातात धरायचा असतो. दुसरा हात रिकामाच असतो. इथं सगळे असेच बसतात."

बाईंनी लगाम त्यांच्या उजव्या हातात दिला, पाय रिकिबीत नीट बसवला आणि दोन शब्द शिकवले. 'चू' म्हटलं की घोडा चालतो आणि जिभेनं 'द्र्र' केलं की थांबतो. सुधाकरांनी घाबरून आधी 'द्र्र'च म्हटलं. घोडा उभाच होता, त्यानं फक्त कान हलवले. अनारकुल खदखदून हसल्या आणि मग हे तिघंही हसले.

चढणीला लागल्यावर वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. स्नेहल घोड्याची आयाळ धरून होती. सुधाकर मात्र मशीन ऐकल्यासारखे घोड्याच्या टापा ऐकत होते. टापा एकसारख्या पडताहेत, म्हणजे जनावर नीट चाललंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आजूबाजूला हिरवे डोंगर, वर बर्फ, आणि थंडी अशी की नाक लाल व्हावं. बघायला ते सगळं परतीच्या वाटेवर मिळालं, असं ते सांगतात. जाताना फक्त घोड्याचे दोन कान बघितले.

अर्ध्या वाटेवर ओढा लागला. पाणी घोड्याच्या गुडघ्यापर्यंत, पण वेगाचं. अनारकुल आणि स्नेहल पार झाल्या. सुधाकरही पोचले. मागून आरडाओरडा ऐकू आला. वहिनींचा घोडा ओढ्याच्या मधोमध थांबला होता आणि मान खाली घालून उभा होता. मान खाली गेली तशा वहिनी पुढे झुकल्या आणि अहिराणीत ओरडल्या, "अहो, मी पडी जासू! अहो, या ना!"

सुधाकरांनी अनारकुलकडे बघितलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. मग सुधाकरांनी 'चू' म्हटलं आणि घोडा परत पाण्यात घातला. वहिनींजवळ पोचल्यावर त्यांच्या घोड्याचा लगाम ओढायला उजवा हात लागणार होता. म्हणून स्वतःचा लगाम त्यांनी डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत घेतला. तो राहिला. उजव्या हातानं वहिनींच्या घोड्याचं तोंड वळवलं आणि दोघं सावकाश काठाला आले. तोपर्यंत वहिनींच्या गालावर पाणी होतं. ते ओढ्याचं की डोळ्यांचं, त्या सांगत नाहीत.

पलीकडे आल्यावर स्नेहल म्हणाली, "पप्पा, त्या घोड्याला तहान लागली होती. पाणी पिऊन झालं की तो आपला आपण आला असता."

"मग बाई बोलल्या का नाहीत?"

"मी बोलणार होते. त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, जाऊ दे त्यांना."

सुधाकर कितीतरी वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

वर नमद्याचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा, गोल पांढरा तंबू होता. आत चूल, जमिनीवर गालिचे, मधे ताजी रोटी, लोणी, मुरंबा आणि वाट्यांमधून चहा. वहिनींनी पिशवी उघडली तर बिबड्यांचा चुरा झाला होता. त्यांना रडूच आलं. अनारकुलनी तो चुरा वाटीत घेतला, चहाबरोबर मुठीमुठीनं खाल्ला आणि आणखी मागितला.

मग सुधाकर उठून उभे राहिले. चार वर्षं मनात जुळवलेलं त्यांना काहीच आठवेना. किर्गिझमध्ये आभाराला 'रहमत' म्हणतात, एवढं लेकीनं शिकवलं होतं. ते हात जोडून म्हणाले, "रहमत. माझी पोर तुम्ही वाचवली. मी तिथं नव्हतो, तुम्ही होता."

स्नेहलनं भाषांतर केलं. अनारकुलनी नाही म्हणून मान हलवली आणि बराच वेळ बोलत राहिल्या. स्नेहल मात्र सांगेना.

"काय म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

"त्या म्हणतात, आभार मला मानू द्या." ती अडखळली. "तिसऱ्या वर्षी त्यांचे मिस्टर गेले. घर रिकामं झालं. तेव्हा मी रोज कॉलेजमधून आल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसायचे. बोलायचे नाही, नुसती बसायचे. त्या म्हणतात, त्या थंडीत मी नसते तर त्या उठल्याच नसत्या."

"तू कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही काळजी करत बसला असता."

मनीषावहिनी सरकत सरकत अनारकुलजवळ गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सुधाकर मला म्हणाले, "आमच्याकडे पोरीला द्यायला काही राहिलं नाही असं मला वाटायचं. पण कुणाजवळ गप्प बसून राहावं, हे ती आमच्याकडूनच शिकली असेल ना? बोटं गेली तेव्हा तिच्या आईनं माझ्याजवळ असंच बसून काढलं होतं ते वर्ष."

दोन दिवस ते तिथं राहिले. दुसऱ्या दिवशी सुधाकरांनी अनारकुलच्या भावाचा बिघडलेला दूध काढायचा पंप दुरुस्त करून दिला. खालून स्प्रिंग आणायची तर भावासोबत ते परत घोड्यावर गेले. वहिनी गेल्या नाहीत, त्यांना एकदाचं पुरे होतं. उतरतानासुद्धा त्यांनी ओढ्यात डोळे मिटले.

परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथं द्यावी लागते, त्या परीक्षेची स्नेहल आता तयारी करतेय. पहिल्या वेळी थोडक्यात हुकली, आता परत बसणार आहे. अनारकुलबाईंना सैंदाण्यांनी जानेवारीत सिल्वासाला बोलावलंय आणि त्या यायला तयार आहेत. काल मनीषावहिनी माझ्या बायकोला विचारत होत्या, इथली जानेवारीतली दुपार त्यांना सोसेल का, आणि त्यांना सुती गाऊन कुठल्या मापाचा घ्यावा.