विम्यात न बसणारा शेरू

कुत्र्याचा विमा विकायला आलेल्या एजंटने कुत्र्याचं चित्र छापलेली उशी भेट आणली होती. "ताई, तुमच्यासारख्या प्राणीप्रेमींसाठी खास," तो म्हणाला. आमचा शेरू त्याचे बूट हुंगायला गेला, तसे त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग त्याने शेरूचं वय विचारलं. मी "अकरा" म्हणताच माहितीपत्रक मिटलं.

"इतक्या म्हाताऱ्या कुत्र्याचा विमा निघत नाही. एखादं पिल्लू आणा ना, त्याचा लगेच काढू."

मी उशी त्याच्या हातात कोंबली आणि दार उघडलं. आजारपण जवळ आलं की पाठ फिरवायची, यालाच ही माणसं काळजी म्हणतात. शेरू मात्र लंगडत, शेपूट हलवत त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेला.

मला शेरूचाही राग आला.