चपला काढून आत यावे

माझी ही फजिती तुमच्या कानावर येणारच आहे. माझा मेहुणा उत्तम सिरसाळ्याला राहतो, म्हणजे आतापर्यंत ती तालुकाभर झालेली असणार. तेव्हा चहा घ्या आणि माझ्याच तोंडून ऐका. त्याच्याकडून ऐकलीत तर त्यात भर पडलेली असेल, आणि खरं सांगतो, तिला भरीची गरज नाही.

गुरुवार होता. गॅसची टाकी यायची होती, म्हणून मी दारातच खुर्ची टाकून बसलो होतो. टाकीच्या आधी माझ्या लेकीचा, प्राजूचा, पुण्याहून फोन आला.

"पप्पा, मी घर बांधलं."

आता काय बोलावं माणसानं? पोरीनं घर बांधलं आणि बापाला जागासुद्धा माहीत नाही.

"पाया कधी खणलास?"

"पाया नसतो तिथं. कॉम्प्युटरमधलं जग आहे पप्पा, नवीन निघालंय. आपण तिथं चालायचं, बोलायचं, एकमेकांच्या घरी जायचं. रविवारी वास्तुशांत समजा. सगळ्यांना बोलावलंय."

इथं थोडं मागचं सांगितलं पाहिजे. गेल्या श्रावणात ही गेली. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांना एकच उद्योग: अंबाजोगाईचं घर बंद करायचं आणि मला पुण्याला पाठवायचं. मला भात लावता येतो, सदऱ्याला बटन लावता येतं, कडी लावून झोपता येतं. पण कोणाला पटेल तर ना. एकटा पुरुष म्हणजे उघड्यावर ठेवलेलं दूध, असं बघतात माझ्याकडं.

मी संधी साधली. म्हणालो, "तुझ्या त्या घरी मी कोणाची मदत न घेता येऊन दाखवतो. आलो, तर पुण्याचं नाव काढायचं नाही."

"कबूल," ती म्हणाली. "पण नीट यायचं."

या 'नीट'नंच घात केला.

रविवारी बसलो कॉम्प्युटरसमोर. तिथं आधी आपला अवतार निवडावा लागतो. मी पांढरा सदरा, राखाडी पँट आणि साध्या चपला निवडल्या. केस मात्र त्यांनीच भरघोस दिले. मी परत केले नाहीत. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: तिथं समोरचं सगळं दिसतं, आपण स्वतः आपल्याला दिसत नाही.

त्या जगाबद्दल माझं पहिलं मत विचाराल, तर धूळ नाही. एवढा मोठा चौक, पण एक टपरी नाही, एक कुत्रं नाही. कोणी 'कोणत्या गावचे' म्हणून विचारतसुद्धा नाही. कोल्ह्याचं तोंड लावलेला एक इसम समोरून आला. मी नमस्कार केला, त्यानं जागच्या जागी उडी मारली. त्यांच्यात तशी पद्धत असेल. दोनदा कारंज्यात पडलो, एकदा कोणाच्या तरी गच्चीवर निघालो, पण शेवटी प्राजूच्या दारात पोचलो. एकटा.

दारातून आत बघतो तर काय, घर भरलेलं. काही तिच्या ऑफिसातली माणसं, बाकी आपली. आणि सगळी पायताणासकट आत. उत्तम तर बूट घालून सोफ्यावर उभा होता. उतरायचं कसं, ते त्याला सापडत नव्हतं.

"या दाजी, या," तो वरूनच म्हणाला.

"चपला काढून येतो."

"पप्पा, इथं चिखल नाही. तसेच या," प्राजू म्हणाली.

"चिखलाचा प्रश्न नाही. घर म्हणालीस ना? मग घरात येतात तसंच येणार."

कोपऱ्यात हँगरचं चित्र होतं. ते दाबलं, आणखी चित्रं आली. त्यातलं एक दाबलं. टुक्. एक चप्पल निघाली. दुसरीसाठी पुन्हा दाबलं. टुक्. मग मी उंबरा ओलांडला.

घर एकदम गप्प झालं. मला वाटलं, शरमले.

"दाजी," उत्तम म्हणाला, "असं कावून केलं?"

"कावून म्हणजे? मला यात कमीपणा वाटत नाही. उलट तुम्हालाच वाटला पाहिजे."

"आवो, पण प्राजूचे साहेब बी हायत इथं."

"मग साहेबांनीही काढावेत."

कोणीतरी खोकलं. बीडची अक्का, माझी थोरली बहीण, हळूच म्हणाली, "आरं, लोक बघायलेत."

"बघू दे. मी आयुष्यभर लोकांच्या घरी असाच गेलोय."

मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि एकट्या माणसाला सगळं नीट जमतं, या विषयावर चार शब्द बोललो. साहेबांशी हात मिळवला. साहेब दोन पावलं मागं सरले.

"पप्पा," प्राजूचा आवाज गुदमरल्यासारखा आला, "डावीकडं आरसा आहे. एकदा बघा."

आरशात भरघोस केसांचा एक जवान गडी उभा होता. सदरा नाही, पँट नाही. निळ्या पट्ट्यांची चड्डी तेवढी होती. आणि पायात चपला. दोन्ही. जिथल्या तिथं.

दुसऱ्या कोणी कॉम्प्युटरची वायर उपटली असती. माझाही हात गेला होता. पण तिथून पळालो असतो, तर थेट पुण्यालाच पोचलो असतो. मी जागचा हललो नाही.

"बघ पोरी," उत्तम म्हणाला, "म्हणून म्हणत होतो, दाजीला एकटं ठेवणं बरं न्हाई."

"उत्तमराव, मी चड्डीत आलो, पण एकटा आलो. तुम्ही आधी सोफ्यावरून उतरा."

प्राजू हसायला लागली. ही गेल्यापासून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. म्हणून मध्ये बोललो नाही, होऊ दिलं.

"राहा पप्पा, अंबाजोगाईलाच राहा," शेवटी ती म्हणाली. "शब्द दिलाय मी. आणि पुण्यात माझे साहेब राहतात."

सदरा आणि पँट परत मिळाली. चपला मात्र निघेनात. तिथं त्या काढायची सोयच अजून केलेली नाही म्हणे.

मंडळी पांगल्यावर प्राजू म्हणाली, "आत या ना. आईचं स्वयंपाकघर केलंय. ओटा, मांडणी, खिडकी, सगळं तसंच."

दारापर्यंत गेलो. खिडकीतला उजेड फरशीवर पडला होता, सकाळचा पडतो तसा. हिच्या स्वयंपाकघरात चपला घालून आजवर कोणी गेलेलं नाही. मी काय जाणार होतो?

आता दर रविवारी जातो मी तिथं, सगळे कपडे घालून. बैठकीत बसतो, लेकीशी बोलतो. स्वयंपाकघर अजून बघितलेलं नाही.