जर्मनीच्या शांततेत राहनाळची पोरगी

राहनाळला कुणाचंही लग्न असो, पंगत उठली की कुणीतरी म्हणतंच, "ताई, ते जर्मनीचं सांग." सत्त्याऐंशी साली मी वर्षभरासाठी एक्स्चेंज स्टुडंट म्हणून गेले होते. पण लोकांना हवी असते ती नाताळची सुट्टी. सांगून सांगून किस्से गुळगुळीत झालेत, तरी त्यातला एकही खोटा नाही.

* * *

आधी आमचं घर सांगते. बाबा पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. घराची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच. दिवसरात्र खडखडाट. फक्त शुक्रवारी कारखाना बंद, आणि त्या दिवशी घरात सगळे उगाच चिडचिडे. आम्ही साधं बोलतो तेही ओरडूनच.

नाताळला हॉस्टेल बंद झालं म्हणून मला एका खेडेगावात इंगाबाई आणि वेर्नर या नवराबायकोकडे पाठवलं. पहिल्या सकाळी मी "गुड मॉर्निंग" म्हटलं, तर इंगाबाईंच्या हातातला चमचाच पडला. वेर्नरना हळूच म्हणाल्या, "मुलगी कशावर रागावलीय का?"

* * *

जेवताना मात्र मी गप्प. लूमच्या आवाजात कामगार हातवाऱ्यांनी बोलतात, तीच सवय. मीठ हवं, पाणी हवं, पुरे झालं, सगळं हातानेच. तीन दिवसांत वेर्नर शिकले. चौथ्या दिवशी इंगाबाई काहीतरी लांबलचक सांगत होत्या, आणि वेर्नरनी टेबलापलीकडून मला खूण केली, 'लूम बंद कर.'

* * *

घरात खरंखुरं झाड आणून उभं केलं होतं, आणि इंगाबाई त्याला रोज पाणी घालायच्या. मी ते पत्रात कळवलं. आईचं उत्तर आलं, "कापून आणलं, मग पाणी कशाला घालतात?" इंगाबाईंना विचारलं. त्यांनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

* * *

चोवीस तारखेला त्या झाडावर खऱ्या मेणबत्त्या पेटवल्या. आमच्याकडे कारखान्यात कापसाचा बारीक भुगा उडत असतो. तिथे कुणी काडी ओढली तर बाबा कानाखाली देतील. सगळे गाणी म्हणत उभे, आणि मी पाण्याची भरलेली बादली मांडीवर घेऊन झाडासमोर बसलेली.

वेर्नरनी आदराने विचारलं, "ही तुमच्याकडची प्रथा आहे का?"

मी म्हटलं, "हो."

पुढल्या वर्षी त्यांचा फोटो आला. झाडासमोर वेर्नर, मांडीवर बादली.

* * *

हे सगळं हसण्यावारी गेलं, पण एक गोष्ट जात नव्हती. मला झोप येत नव्हती. हॉस्टेल हायवेला लागून होतं, तिथे निभलं. इथे बर्फ पडलेला, कुत्रंसुद्धा भुंकत नाही. आठ दिवसांत डोळे खोल गेले. मला इथे आणणाऱ्या एक्स्चेंज संस्थेच्या बाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "सुट्टीनंतरही असंच राहिलं तर तुला घरी पाठवावं लागेल."

मला घाबरायला झालं. मी निघाले तेव्हा मामा सगळ्यांसमोर आईला म्हणाला होता, "चार महिन्यांत परत येती का न्हाय बघ." डिसेंबर म्हणजे चौथाच महिना. आईने एकटीने भांडून मला पाठवलं होतं; तिला खाली बघायला लावायचं नव्हतं. मी घरी तार केली, त्यात एवढंच लिहिलं, "झोप येत नाही. इथे कसला आवाजच नाही."

पंचवीस तारखेला दुपारी तीनला वेर्नरनी प्रेझेंट म्हणून मला घरी फोन लावून दिला. वेळ त्यांनी आधीच तारेने कळवलेली, त्यामुळे आई कारखान्याच्या ऑफिसात बसूनच होती.

"झोपलीस का?"

"न्हाय."

"थांब," म्हणाली, आणि तिने रिसीव्हर दाराकडे धरला. खडखडाट सुरू झाला. एक, दोन, तीन, चार लूम. दुसरा मधेच अडखळतो, तोही ओळखू आला. मला रडू आलं, आणि मी ते थांबवलं नाही.

वेर्नर धावत आले. "लाइन खराब आहे का?"

"नाही. चांगली आहे."

मग माझ्या लक्षात आलं. "आई, आज शुक्रवार ना?"

"हाय की. बंदच हाय सगलं. तुझे बाबा एकटेच पलतायत चार लूमवर. तू डोले मिट."

इंगाबाईंनी खुर्ची सरकवून दिली.

जाग आली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. अंगावर पांघरूण होतं, कानाशी उशीने टेकवलेला रिसीव्हर होता, आणि त्यातून अजून चार लूम चालू होते.