क्रेनच्या खुणेवर टाकायचा नांगर

गेविन माझा सख्खा धाकटा भाऊ. बारावी पास, आमच्या घरात एवढा शिकलेला तोच. किनाऱ्याकडे नुसतं बघून बोटीखाली काय हाय ते सांगणारा दुसरा माणूस आमच्या चौक गावात दाखवा, माझी होडी त्याच्या नावावर करतो.

उत्तनसमोर समुद्रात, बोटीने दोन तासांवर, पुढेमागे पवनचक्क्या उभ्या करायच्या म्हणून एक कंपनी आधी वारा मोजणार होती. त्यासाठी तरंगता पिवळा बोया, त्याला सिमेंटचा नांगर. पण त्याच पट्ट्यात आमची डोल जाळी बांधायचे, तळाशी ठोकलेले खुंट. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत जाळी वर काढतात, खुंट तळाशीच राहतात. वरून समुद्र मोकळा दिसतो. कोणाचे खुंट कुठे, ते आमच्यात कोणी कागदावर देत न्हाय. म्हणून गेविनला बोटीवर घेतला. नांगर खुंटांवर पडला तर गावाचा हंगाम गेला, आणि गेविनला गावात तोंड दाखवायला जागा न्हाय.

बोटीवर त्याला बोयाचंच वेड लागलं. हलणारं डबडं आभाळातला वारा कसा मोजणार? कंपनीची इंजिनिअर रसिका, शांती नगरला राहणारी, समजावत होती. आतून न दिसणारा उजेड वर सुटतो, हवेतल्या धुळीवर, मिठाच्या कणांवर आपटून परत येतो, त्यावरून दोनशे मीटर उंचीचा वारा कळतो. डबडं किती हललं तेही मोजतात आणि वजा करतात. गेविनने हे तीनदा विचारलं. तिने तीनदा सांगितलं.

मग त्याने खूण धरली, म्हणजे किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत आल्या की आपण कुठे ते कळतं. आमच्या बापाने डोंगरातली खाच आणि चर्च धरलं होतं. आताची पोरं खाचेखाली मीरा रोडच्या टॉवरवरची पिवळी क्रेन धरतात, लांबून झटकन दिसते. क्रेन बरोबर खाचेखाली आली. म्हणजे खुंट मैलभर मागे. नांगर सोडा म्हणून गेविनने हात वर केला.

नांगर बोटीच्या कडेबाहेर लटकला, तेवढ्यात रसिकाने सहज दुर्बीण पुढे केली. गेविनने क्रेन बघितली. खालची बिल्डिंग नुसते खांब. मे महिन्यात क्रेन ज्या बिल्डिंगवर होती तिला भिंती होत्या. ती पूर्ण बिल्डिंग बाजूला उभी होती, डोकं रिकामं. बंदीच्या दोन महिन्यांत क्रेनच हलली होती, म्हणजे खूण खोटी.

"थांबवा, मॅडम. माझं चुकलं."

बोटीचा कप्तान धर्माजी चिडला. "डोळे धक्क्यावर ठेवून आलास काय रे?"

गेविनने लगेच दोरीला लोखंडी आकडा बांधून खाली सोडला, बोट हळू चालवायला सांगितली. तिसऱ्या फेरीला दोरी ताणली. वर आला तो खुंटाच्या दोराचा तुकडा, निळ्या गाठीचा. आमच्या गावाचाच.

रसिकाने त्या दिवशीचं काम बंद केलं. गेविनने धक्क्यावर उतरून सगळ्यांना आपली चूक स्वतःच सांगितली, एक शब्द न लपवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोट सुटायच्या आधी सात होड्यांचे तांडेल धक्क्यावर उभे होते. एकेकाने गेविनला बाजूला घेऊन आपल्या खुंटांची जागा कानात सांगितली. पहिला मी.