म्हाकुलावर फोडलेलं खापर

मालवणच्या मासळी बाजारात हौसाबाई दिसली नाही, तर आज चुकून एकादशी तर नाही ना, म्हणून गिऱ्हाइकं दचकत. तिच्या शेजारी सुभद्रा बसे. टोपल्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि भांडण टोपल्यांहून जुनं. ते कशावरून सुरू झालं, हे दोघी विसरल्या होत्या; पण आधी गप्प कुणी बसायचं, ते काही ठरत नव्हतं. त्यात सुभद्रेची एक खोड. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, याची खबर तिला मांजराच्याही आधी लागे.

२००८ च्या दिवाळीत हौसाबाईच्या पित्ताशयातले खडे दुर्बिणीने काढले. बाई लगेच टोपलीवर हजर! पण काही आठवड्यांनी उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागल्या, डोळे पिवळसर झाले आणि शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. हौसाबाईनं घाबरायचं सोडून निदानच करून टाकलं. म्हाकूल, म्हणजे शाई सोडणारी मऊ मासळी, हा तिचा जीव की प्राण, आणि ती ते त्याच्या पोटातल्या काळ्या शाईसकट शिजवी.

सून सलोनी म्हणाली, "आये, डॉक्टराक दाखवया."

"म्हाकुलाची शाई गो ती! तेका डॉक्टर कित्याक? धोबी बोलव."

मग एका सकाळी सुरमई उचलता उचलता बाई त्या सुरमईवरच कोसळली. सुभद्रेनं दोन्ही टोपल्या तशाच टाकल्या आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "शौचाला काळं होतं का?"

"होता. पण ता म्हाकुलाचा," हौसाबाई पुटपुटली.

सुभद्रा उसळली, "खोटा बोला नको! वारो सुटल्यापासून बाजारात एक म्हाकूल येवक नाय. तू खंयचा खाल्लंस? तुझ्या घरात पंधरवडाभर पेज नि सुको बांगडो. माका म्हायत नाय?"

हौसाबाईनं बोटांवर दिवस मोजले. खरंच की! मग ते काळं कशाचं?

तपासणीत उत्तर सापडलं. यकृताकडे जाणाऱ्या रोहिणीच्या भिंतीला फट पडली होती आणि बाहेर रक्ताचा फुगा धरला होता. तो पित्ताच्या नळीत झिरपत होता. तेच रक्त आतड्यात उतरून काळं होत होतं. अशा शस्त्रक्रियेनंतर क्वचित असं होतं म्हणे. पण फुगा फुटला, तर बाई हाती लागणार नव्हती.

तिला पणजीच्या इस्पितळात हलवलं. हौसाबाईनं तिथल्या डॉक्टरांना बजावलं, "पोट फाडूचा आसात, तर माका धक्क्यावर नेऊन सोडा."

"पोट नाही फाडायचं, मावशी. जांघेत सुई टोचून बारीक नळी वर न्यायची."

"लिव्हर खंय नि जांघ खंय!"

"खाडीच्या तोंडातून शिरलेली होडी आत गावापर्यंत जाते ना? तसंच. फटीपाशी प्लॅटिनमच्या बारीक तारेची वेटोळी सोडायची. फुग्याकडची वाट बंद. यकृताला दुसऱ्या शिरेतून रक्त मिळत राहतं."

होडीची फट कापूस कोंबून बंद करतात, हे हौसाबाई लहानपणापासून बघत आलेली. "चला तर," ती म्हणाली, "पण माका जागी ठेवा. माझ्या पोटात कोण काय कोंबता, ता माका दिसाक व्हया."

तिला खरोखरच जागी ठेवलं. टोचलं तेवढीच जागा बधिर केली. पडद्यावर तिच्या शिरा माडाच्या झावळीसारख्या पसरलेल्या. एका टोकाला काळा फुगा. तार आत गेली, वेटोळं झाली, आणखी एक, आणि बघता बघता फुगा दिसेनासा झाला. "गेलो मेलो!" हौसाबाई त्या फुग्यावर ओरडली. डॉक्टरांनी तिला हलू नको म्हणून दटावलं.

कळा थांबल्या, डोळे निवळले, काळं बंद झालं. बाई बाजारात परतली, तर तिच्या जागेवर सुभद्रेनं आपली रिकामी टोपली पालथी घालून ठेवलेली. दुसऱ्या कुणाला बसू दिलं नव्हतं.

सुभद्रेनं नवी मोहनमाळ पुढे केली, "बघ गो, सोन्याची."

"माझ्या पोटात प्लॅटिनम आसा," हौसाबाई म्हणाली. "पण चोर आणि तू, दोघांकय दिसाचा नाय."

पौषात वारा पडला आणि होड्या म्हाकूल घेऊन आल्या. सुभद्रेनं सगळ्यात मोठं निवडून हौसाबाईच्या टोपलीत टाकलं.

"खा आता. पण दुसऱ्या दिवशी काळा झाला काय नाय, ता माका खरा सांगूचा."

"सांगतंय," हौसाबाई म्हणाली. "भर बाजारात, ओरडून सांगतंय!"

आणि सांगितलंही.